जाड टायरची रोजची सायकल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात सायकलच्या दुकानासमोर उभे राहिले, तर बाहेर ओळीने लावलेल्या मोठ्यांच्या सायकलींत एकच घाट सारखा दिसतो. सरळ हँडल, खडबडीत नक्षीचे जाड टायर, पुढे शॉकअप, मागे सहा-सात चकत्यांचा गियर. दुकानदार तिला एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, म्हणतात, गिऱ्हाईक ‘गियरची सायकल’ म्हणते. डोंगरउतारासाठी घडलेली ही सायकल आपल्याकडे कॉलेजात जाते, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला जाते आणि रविवारी धरणापर्यंत किंवा गडाच्या पायथ्यापर्यंत फिरून येते. मग वर्ष-दोन वर्षांत गियर खरखरू लागतात, शॉकअप जाम होतो आणि ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडते. दोष या सायकलच्या जातीत आहे, विकल्या जाणाऱ्या मालात आहे की निगेत?

जातीत तर नक्कीच नाही. आपल्या रस्त्यांना शोभेल अशी याहून चांगली सायकल अजून कुणी काढलेली नाही. दोष पुष्कळसा मालात आणि उरलेला निगेत आहे. निगेचे जे सल्ले आपण वाचतो-ऐकतो ते बहुधा परक्या हवामानात तयार झालेले असतात, हा त्यातला मोठा भाग.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातच निम्मे उत्तर आहे. ही सायकल अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट तमालपाईस या डोंगराच्या आसपास १९७०च्या दशकात आकाराला आली. तिथली तरुण मंडळी १९३०-४०च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली वणवे विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली पळवत. त्या सायकलींना उलटे पॅडल मारून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्येच असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेल्या तिथल्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्या कामावरूनच पडले. त्याच मंडळींतल्या जो ब्रीझने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी चौकट बांधली; गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये असल्या सायकली विकण्याचा व्यवसाय काढला, त्यांच्या चौकटी टॉम रिची बांधत असे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. १९८२ मध्ये शिमानोने खास या सायकलींसाठी डिओर एक्सटी हा गियर-ब्रेकचा संच आणला. पुढचा शॉकअप बाजारात स्थिरावायला १९८९ नंतरचा काळ उजाडला. १९९६ मध्ये अटलांटाला या सायकलींच्या शर्यतींचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

या सनावळीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली दहा-बारा वर्षे जगातले सगळे कसलेले स्वार शॉकअपशिवाय डोंगर उतरत होते. त्यांचा धक्का टायर खात होता, कोपर आणि गुडघे खात होते. आणि त्यांची सायकल घरच्या पान्यांनी उघडत होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘रेंजर’ या नावाने घरोघरी माहीत झालेल्या पहिल्या जाड टायरच्या सायकली अशाच साध्या होत्या. त्यांतल्या काही अजून चालताना दिसतात, यात मला आश्चर्य वाटत नाही.

नंतर दुकानातल्या मालात शॉकअप आला, आणि माझी पहिली तक्रार त्याच्याबद्दलच आहे. स्वस्त सायकलचा पुढचा शॉकअप म्हणजे दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि वर रबराची झाकणे. एवढ्याचे वजन दोन-अडीच किलो भरते. धक्का शोषण्याचे काम तो थोडेफार पहिल्या वर्षी करतो. एक पावसाळा गेला की झाकणाच्या कडेने आत गेलेले पाणी नळीला गंज चढवते, आणि मग तो ना दबतो ना उघडून दुरुस्त करता येतो, कारण त्याचे सुटे भाग मिळतच नाहीत. मागेही शॉकअप असलेल्या स्वस्त लोखंडी सायकलींचे तर बोलायलाच नको. आठवी-नववीतल्या मुलांना त्या फार आवडतात, कारण त्या मोटारसायकलसारख्या दिसतात. पण चढावर मुलाच्या पायातला जोर चाकापर्यंत पोचण्याआधी स्प्रिंगमध्ये मुरतो. हवेवर चालणारे महाग शॉकअप खरोखरच चांगले असतात, पण त्यांच्या खालच्या नळ्यांचे तेल आणि सील साधारण पन्नास तास चालवल्यावर बघावे, असे बनवणारेच सांगतात. रोज तासभर सायकल चालवणाऱ्याचे पन्नास तास दोन महिन्यांच्या आत भरतात. डोंगरातल्या वाटांवर नियमित उतरणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. बाकीच्यांनी साधा, बिनशॉकअपचा ताठ फोर्क आणि दोन इंचांपेक्षा जाड टायर घ्यावा. दुकानात अशी सायकल मागितली की दुकानदाराला नवल वाटते, तरी मागावी.

खरा शॉकअप टायरमधली हवा आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. आपल्याकडे ‘हवा टाइट भरा’ हा सरसकट हुकूम असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरली तर जाड टायर दगडासारखा उडतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. सत्तर किलोच्या माणसाने दोन इंची टायरमध्ये, आत ट्यूब असताना, डांबरी रस्त्यासाठी पस्तीस ते चाळीस पीएसआय ठेवावी, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. कच्च्या वाटेवर ती तीसच्या आसपास आणता येते. त्याखाली गेले की खड्ड्याची धार आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली तर काटा शोधत बसू नये. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक एमटीबींना मोटारसायकलसारखाच वॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण तिथला दाब झटक्यात चढतो, म्हणून घरी दाबमापक असलेला उभा पंप असावा. साऱ्या हत्यारांत पहिले विकत घ्यावे असे हेच.

पंक्चरची कारणे आपल्याकडे दोन. एक सराटा. माळरानावर, शेताच्या बांधावर, गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला त्याचे वेल जमिनीलगत पसरतात आणि वाळलेल्या फळाचा एक तरी काटा वर तोंड करूनच पडतो. हीच वनस्पती अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही पसरली आहे आणि तिथल्या सायकलवाल्यांचीही हीच तक्रार आहे. दुसरे कारण महामार्गावरचे : ट्रकचे टायर फाटल्यावर त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्ट्यावर पडून राहतात आणि टायरमध्ये शिरून बसतात. पंक्चर काढून घेतले तरी टायरच्या आतून बोटे फिरवून ही तार शोधली नाही, तर दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसते. ट्यूबलेस टायर आणि आतला चिकट द्रव हा सराट्यावर उत्तम उपाय आहे. फक्त आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो द्रव लवकर सुकतो. दोन-तीन महिन्यांनी आत बघून भर घालणाऱ्यानेच त्या वाटेला जावे.

आता चेन. सायकलच्या निगेबद्दल एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी चेनबद्दल सांगेन, कारण बाकी सगळा खर्च तिच्या मागून येतो. चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण ताणले काहीच जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची गोल कड झिजते. कडीमागे केसभर फट वाढते, शंभरावर कड्यांत मिळून ती दिसण्याएवढी होते. वाढलेली चेन दातांच्या तळाशी न बसता टोकाकडे सरकते आणि दात खाऊ लागते. वेळेवर बदललेली चेन एकटी जाते. उशीर झाला की मागच्या चकत्यांची कॅसेट आणि पुढची दातेरी चकतीही तिच्याबरोबर जाते, आणि ते बिल चेनच्या कित्येक पट होते. नवी चेन जुन्या दातांवर घातली की पॅडलवर जोर देताच सटकते, मग मेकॅनिकवर नवी चेन खराब दिल्याचा आळ येतो.

हे मोजायला पोलादी फूटपट्टी पुरते. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून चोवीस टप्पे बरोबर बारा इंचांत बसायला हवेत. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवावे आणि बारा इंचांवरची पिन बघावी. ती सोळांश इंच पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. अकरा-बारा गियरच्या सायकलला चेन तिथेच बदलावी. सात-आठ-नऊ गियरवाल्याला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. आठवा हिस्सा इंच पुढे गेली असेल, म्हणजे पूर्ण टक्का, तर दातांचीही तपासणी आली.

चेन झिजवते ती धूळ, आणि धुळीला धरून ठेवते ते तेल. म्हणून जास्त तेल ही निगा नव्हे. घरोघरी वापरले जाणारे शिलाई मशीनचे तेल पातळ असते, आत चांगले शिरते, पण एका सरीत धुऊन जाते. कोरड्या दिवसांत, वरचेवर घालायची तयारी असेल तर ते चालते. गॅरेजमधले वापरलेले इंजिन ऑइल मात्र घालूच नये. त्यात आधीच धातूचा बारीक कीस असतो आणि त्यावर मुरमाची धूळ बसली की घासकामाचा लेपच तयार होतो. गंज सोडवण्याचे फवारे पाणी हटवतात, पण वंगण म्हणून ते टिकत नाहीत. रीत साधी आहे : चेन फडक्याने कोरडी पुसायची, फारच मळली असेल तर डिझेलमध्ये ब्रशने धुऊन वाळवायची, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडायचा, पॅडल उलटे फिरवायचे, काही वेळ थांबायचे आणि बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून काढायचे. तेल आत हवे. बाहेर दिसणारे तेल फक्त माती गोळा करते. हल्ली मेणात बुडवलेल्या चेनचे कौतुक ऐकू येते आणि ऑक्टोबर ते मे ते रास्तही आहे, चेन विलक्षण स्वच्छ राहते. पावसाळ्यात मेणाची चेन रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबूस दिसते.

इथे आपल्या मातीचा प्रश्न येतो. पुण्याच्या टेकड्यांवर आणि मावळात मुरूम; तो सुटा असतो, पाऊस थांबला की लवकर निथळतो. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातली काळी माती वेगळीच. पहिल्या पावसानंतर ती टायरला थरावर थर चिकटते आणि फोर्क व मागचा सांगाडा यांत इतकी ठासून बसते, की चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी पॅडल मारत राहिले तर मागचा डिरेल्युर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, वाकून चाकाच्या तारांत जातो. उतरावे, काडीने माती काढावी, उचलून डांबरीवर यावे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल धूळ आहेच, पण खरा शत्रू खारा वारा आहे. स्पोकची निपलं पांढरी पडून जाम होतात, आणि लोखंडी सांगाड्यात घातलेली ॲल्युमिनियमची सीटची दांडी आतच धरते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने दर पावसाळ्याआधी ती दांडी काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालावी. हे दहा मिनिटांचे काम टाळले तर पुढे दांडी कापून काढावी लागते.

धुण्याबद्दल एकच : मोटारसायकल धुण्याच्या केंद्रातला जोराचा फवारा सायकलवर मारू देऊ नये. हब, हँडलच्या गळ्यातले बेअरिंग आणि पॅडलच्या मधले बेअरिंग यांत पाणी घुसते आणि छऱ्यांचे ग्रीस घेऊन बाहेर येते. बादली, मग, जुना ब्रश पुरे.

ब्रेकचे तीन प्रकार बाजारात आहेत. रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा व्ही-ब्रेक, वायरने ओढला जाणारा डिस्क आणि तेलाच्या दाबाचा डिस्क. व्ही-ब्रेक पावसात पहिल्या काही फेऱ्यांत फक्त रिम पुसतो, मग धरतो. पाऊस पडत असताना सिग्नलच्या आधी हलका दाबून रिम कोरडी करून ठेवावी. रबरात अडकलेले खडे टोचून काढावेत, नाहीतर ते रिम कोरतात. डिस्क पावसातही विश्वासू असतो, पण तेलाचा एक थेंबही त्याला चालत नाही. चेनवर फवारा मारताना डिस्कवर उडालेले तेल पॅडमध्ये मुरते, ब्रेक किंचाळू लागतो आणि पॅड बहुधा फेकावेच लागतात. तेलाच्या ब्रेकांत शिमानो खनिज तेल वापरते, तर स्रॅमचे पुष्कळ ब्रेक मोटारींसारख्या डॉट प्रकारच्या तेलावर चालतात. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली सील फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट तेल हवेतला ओलावाही शोषते, त्यामुळे आपल्या पावसाळ्यानंतर ते बदलावे. चाक काढलेले असताना या ब्रेकची मूठ कुणालाही दाबू देऊ नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

गियरच्या तक्रारींचे मूळ फार थोड्या जागी असते. सायकल उजव्या अंगावर पडली, की मागचा डिरेल्युर ज्या लहानशा पट्टीला लटकतो ती पट्टी, म्हणजे हँगर, वाकते. ती मुद्दाम मऊ धातूची असते, सांगाडा वाचावा म्हणून. वाकलेल्या हँगरवर स्क्रू कितीही फिरवले तरी गियर जागेवर येत नाहीत. दुसरे कारण वायरच्या बाहेरच्या नळीचे. ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, गियरच्या नळीत सरळ उभ्या तारा असतात. गियरला ब्रेकची नळी बसवली तर ती हँडल वळताना दबते आणि गियर आपोआप बदलतात. पुष्कळ गावांत एकच नळी मिळते आणि तीच दोन्हीकडे लावली जाते. तिसरे कारण चालवण्याचे : हे गियर फक्त पॅडल फिरत असताना बदलतात, म्हणून चढाच्या आणि सिग्नलच्या आधी हलका गियर घ्यायचा असतो. पुढे तीन चकत्यांऐवजी एकच ठेवण्याची पद्धत आता वरच्या किमतीतून खाली उतरते आहे. रोजच्या वापराला ती मला मनापासून पटते. एक डिरेल्युर, एक वायर आणि निम्म्या चुका कमी होतात.

रस्त्यावर या सायकलचा अनुभव काय? सिमेंटच्या रस्त्याच्या लांब फटी, डांबराची तुटलेली कड, उखडलेले पेव्हर ब्लॉक, रेल्वे फाटकाचे रूळ, या सगळ्यांवरून ती निर्धास्त जाते; बारीक टायरच्या सायकलला इथे जीव मुठीत धरावा लागतो. बदल्यात सपाट रस्त्यावर ती सावकाश चालते आणि गुठळ्यांचे टायर गुणगुणतात. मधोमध सलग आणि कडेला नक्षी असा टायर बसवला तर त्यातला बराच त्रास जातो. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य स्वारांची सीट मात्र खाली असते, आणि गुडघेदुखीचे कारण तिथे असते. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे, इतकी सीट वर हवी. सिंहगडाच्या घाटातून किंवा दिवे घाटातून उतरताना ब्रेक सतत दाबून न ठेवता, वळणाआधी दोन्ही ठामपणे दाबून सोडावेत. सतत घासल्याने पॅड आणि तेल तापते.

डोंगरातल्या वाटांबद्दल मला काळजी वाटते. मरीनमध्येही चालणारे आणि सायकलवाले यांचा वाद पेटला, आणि अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे म्हातारी माणसे चालत असतात. तिथे वाट त्यांची आहे, वेग सायकलवाल्याने सोडायचा. पावसाळ्यात ओल्या उतारावर मागचे चाक घसरवत गेले की त्या चरातून पाणी वाहते आणि वाट नाल्यासारखी होते. आणि साताऱ्याच्या, कोकणाच्या सड्यांवर तर जून ते ऑक्टोबर चाक घालूच नये. जांभ्यावरचा मातीचा पातळ थर आणि त्यावरची इवलीशी फुले एकदा चिरडली की सावरायला फार काळ लागतो. कास पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरले, पण तसे लहान सडे सगळीकडे आहेत आणि त्यांना कुंपण नाही.

राहिला मेकॅनिक. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत तेव्हा प्रत्येक पेठेत चाकाचा आउट काढणारे हात होते. आजही कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानातला माणूस पुढच्या हबमध्ये एका बाजूला दहा छरे आणि मागच्यात थोडे मोठे नऊ, हे न बघता सांगतो. तुटलेली तार बदलून चाक सरळ करताना तो कानाने तारांचा ताण ओळखतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारांवर जास्त ताण असतो आणि त्याच आधी तुटतात, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. त्याच्याकडे नाही ती गियरची योग्य नळी, हँगर सरळ करण्याचे हत्यार आणि तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायची पिचकारी. हा त्याचा उणेपणा नव्हे. कंपन्यांनी सायकली तालुक्यापर्यंत पोचवल्या, सुटे भाग आणि शिकवणी मोठ्या शहरांतच ठेवली. हे बदलत नाही तोवर तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने वायरचा ब्रेक आणि ताठ फोर्क घ्यावा, सायकल घेताना त्याच मॉडेलचे दोन हँगर आणि मीटरभर गियरची नळी मागून घ्यावी, आणि ते सगळे आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडेच ठेवायला द्यावे.